वळवी मॅडम आणि कोरी सही

स्टाफरूमच्या कपाटाला नवं कुलूप आणायचं काम एकदा वळवी मॅडमकडे आलं. त्यांनी कुलूप आणलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्याबरोबर आलेली किल्ली बाजूला सारली. मग पर्समधून आपल्या घराची किल्ली काढून कुलपात घातली. लागली नाही. स्कूटीची घातली, ती आतच जाईना. मग हात पुढे करून म्हणाल्या, “सर, तुमची द्या.” मी माझ्या घराची किल्ली दिली. कुलूप उघडलं.

मॅडम तशाच बाजारात परत गेल्या. मीही गेलो, कारण माझी किल्ली त्यांच्याकडे होती. दुकानदार म्हणाला, “काय झालं मॅडम, किल्ली लागत नाही का?”

“लागते,” मॅडम म्हणाल्या. “यांचीही लागते.”

दुकानदाराने कुलपाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. पुढे बरेच महिने मी त्या दुकानात गेलो की तो गल्ल्यावर हात ठेवून बोलायचा.

आमचं कॉलेज नंदुरबार जिल्ह्यात नेमकं कुठे होतं हे सांगत नाही, कारण ते अजून तिथेच आहे. मी मराठी शिकवायचो. वळवी मॅडम कॉम्प्युटर शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नेमणूक आणि एप्रिलमध्ये निरोप. नाव रजनी. नवापूरकडच्या, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका गावातल्या. घरी भाताची शेती. दर रविवारी त्या गावच्या चर्चमध्ये गायला जायच्या. आवाज कसा होता ते माहीत नाही. आमच्यासमोर त्या कधी गुणगुणल्यासुद्धा नाहीत. डब्यात नागलीची भाकरी आणि पुष्कळदा सुकट असायची. सुकटीच्या दिवशी टेबलाचं ते टोक आपोआप रिकामं व्हायचं, आणि मॅडम त्या रिकाम्या जागेत पेपर पसरून तपासत बसायच्या. जागा मिळाली म्हणून त्यांना बरंच वाटत असावं.

मुलं त्यांना ‘उलटी मॅडम’ म्हणत. कुठलीही गोष्ट चालते का हे त्या बघत नसत; जिथे चालायला नको तिथे ती थांबते का, एवढंच बघत. मुलाने प्रोग्राम लिहून आणला की विचारायच्या, “चुकीचं देऊन बघितलं का?” वयाच्या जागी नाव टाकायच्या, नावाच्या जागी काहीच टाकायच्या नाहीत, आणि प्रोग्राम कोसळला की नुसतं “बरं” म्हणायच्या. ते ‘बरं’ ऐकून मुली रडल्या आहेत.

हजेरीतही तेच. एका वर्षी त्यांनी हजेरीपटात रमेश तुकाराम नावाचा एक विद्यार्थी घातला. असा विद्यार्थी कॉलेजात नव्हता. पहिल्या आठवड्यात त्याचं नाव पुकारलं की वर्ग गप्प असायचा. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरून कुणीतरी कुणावरतरी उपकार म्हणून “हजर” म्हणालं. तिथून तो रोज येऊ लागला. वर्षाअखेरीला वर्गात सगळ्यांत चांगली हजेरी रमेशची होती. मॅडमनी ती प्राचार्यांना दाखवली. प्राचार्यांनी पट नीट वाचला आणि म्हणाले, “चांगला मुलगा दिसतो.”

प्राचार्य पाटील सर वाईट माणूस नव्हते. तापीकाठचे, घरची केळीची बाग, वडिलांच्या वेळेपासून लोकांचं ऐकून घ्यायची सवय. कॉलेजात ते छापील मराठी बोलायचे. राग आला की मात्र अहिराणीत यायचे, आणि मी धानोऱ्याचा असल्याने ती अहिराणी बहुतेक माझ्याच वाट्याला यायची.

त्या वर्षी प्रवेशाच्या आधी संस्थेने दाखले तपासायचं एक सॉफ्टवेअर घेतलं. आमच्याकडे येणारी निम्म्याहून जास्त मुलं सातपुड्यातली. प्रवेशाच्या जागा, वसतिगृह, शिष्यवृत्ती, सगळं जमातीच्या दाखल्यावर अवलंबून. आता दाखले संगणकावर निघतात आणि त्यांवर अधिकाऱ्याची सहीही संगणकाचीच असते. ती खरी की खोटी हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून हे सॉफ्टवेअर. दाखल्याची फाईल टाकायची, सही खरी असेल तर हिरवी खूण, नसेल तर लाल.

कंपनीचा माणूस पुण्याहून आला. त्याने पडद्यावर एकामागून एक दाखले टाकले. हिरवा, हिरवा, हिरवा. पाटील सरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आम्हीही वाजवल्या. वळवी मॅडम उभ्या राहिल्या.

“खोटा दाखला लावून बघितला का?”

“मॅडम, आमच्याकडे खोटे दाखले नाहीत,” तो माणूस जरा दुखावून म्हणाला.

“मग लाल दिसतं हे तुम्हाला कसं माहीत?”

“ते डिझाइनमध्येच आहे.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दोन-तीन दिवसांनी त्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी तिथे टाइमटेबलवर सही घ्यायला उभा होतो. मॅडमनी लॅपटॉप उघडून सरांसमोर फिरवला. पडद्यावर अनुसूचित जमातीचा एक दाखला होता. नाव पाटील सरांचं. वडिलांचं नाव त्यांच्या वडिलांचं. गावही बरोबर. आणि खाली ठसठशीत हिरवी खूण.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, हाई बाई काय करी ऱ्हायनी? मन्हं नाव कसाले टाकं?”

मी मॅडमना प्रश्न मराठीत सांगितला, की सरांचं नाव कशाला टाकलं. खरं तर त्यांना तो कळला होता.

“दुसऱ्या कुणाचं नाव न विचारता वापरणं बरं दिसलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही प्रमुख आहात. सर, हे तपासणी करत नाही. हे काहीही घेतं.”

“खोटा दाखला करणं गुन्हा आहे हे ठाऊक आहे तुम्हाला?” सर आता मराठीत आले होते.

“आहे. म्हणून तर ते पकडलं जायला पाहिजे.”

सरांनी विचारलं, हे केलं कसं. मॅडम म्हणाल्या, कारण अजून पक्कं सापडलेलं नाही, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने. त्या चेहऱ्यावर फारसं काही दिसत नसे, पण त्या दिवशी हेल्मेट डोक्यावर तसंच होतं.

“चूक कंपनीची नाही,” त्या म्हणाल्या. “कंपनीने वापरलेल्या लायब्ररीत आहे. आणि आता ती कशी आहे हे मला सांगता येणार नाही.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं. प्रोग्राम लिहिणारे लोक सगळं स्वतः लिहीत नाहीत. सही तपासण्यासारखी अवघड कामं कुणीतरी एकदा लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवलेली असतात, आणि जगभरचे लोक ती उचलून आपापल्या प्रोग्राममध्ये बसवतात. अशा आयत्या कामाच्या गाठोड्याला लायब्ररी म्हणतात. ही लायब्ररी कुठल्या कुठल्या देशांत, कुठल्या कुठल्या कामांत बसवलेली होती याचा हिशेबच नव्हता. मॅडमनी ती सांभाळणाऱ्या माणसाला ईमेल लिहिलं होतं. त्याने कळवलं होतं की चूक खरी आहे, तो दुरुस्त करतो, पण दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचेस्तोवर कुणाला काही सांगू नका. कारण चूक इतकी सोपी होती, की ऐकणारा कुणीही तासाभरात तिचा फायदा घेऊ शकला असता.

पाटील सरांनी यातला ‘लायब्ररी’ हा शब्द तेवढा घेतला. संध्याकाळी चौकशी समितीचं पत्र निघालं. तिच्यात मी होतो, कॉमर्सचे एक सर होते, आणि लायब्ररीत दोष आढळल्याची तक्रार असल्याने कॉलेजचे ग्रंथपाल होते. ग्रंथपाल दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या देवघेवीची सगळी रजिस्टरं घेऊन आले. बिचारे रात्रभर झोपले नव्हते.

समितीची बैठक मला अजून आठवते. मॅडम समोर खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पर्स.

“खोटा दाखला तुम्ही तयार केला हे खरं आहे का?” कॉमर्सच्या सरांनी विचारलं.

“हो.”

“कसा तयार केला?”

“ते आत्ता सांगू शकत नाही.”

“मग कधी?”

“दुरुस्ती झाल्यावर.”

“दुरुस्ती कोण करणार?”

“एक माणूस आहे.”

“कोण माणूस? कुठला?”

“मला माहीत नाही. तिकडे थंडी असते, एवढं त्याच्या बोलण्यावरून वाटलं. तो हे रविवारी करतो. इतर दिवशी त्याला नोकरी असते.”

कॉमर्सचे सर माझ्याकडे बघायला लागले. ग्रंथपालांनी विचारलं, “पण मॅडम, माझ्या लायब्ररीत सही कुठे तपासतात?”

“तुमच्या नाही,” मॅडम म्हणाल्या.

ग्रंथपालांनी रजिस्टर मिटलं. त्यांच्यापुरती चौकशी संपली होती.

मॅडमनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, की तोवर दाखले हाताने तपासा; दाखल्यावरचा नंबर घेऊन दाखला देणाऱ्या कचेरीत विचारा. पाटील सर म्हणाले, “हाताने तपासायचे तर सॉफ्टवेअर कशाला घेतलं?” प्रवेश सुरू झाले. हिरवा, हिरवा, हिरवा.

ते आठवडे वाईट गेले. मॅडमना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी उत्तरात लिहिलं, ‘कारण आहे. नंतर दाखवते.’ स्टाफरूममध्ये बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं कंपनीशी भांडण असेल, कुणी म्हणालं दुसऱ्या कंपनीची दलाली असेल. एक दिवस डब्याच्या वेळी कॉमर्सचे सर, मॅडम दारात आल्यात हे न बघता बोलले, “ख्रिश्चन आहे ना ती? स्वतःचा दाखलाही असाच केला असेल.”

मॅडम आत आल्या. आपल्या जागेवर बसल्या. पर्समधून प्लॅस्टिकच्या पिशवीतला एक जुना कागद काढला, गोल शिक्क्याचा, शाईच्या सहीचा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. तो उलगडून टेबलाच्या मधोमध ठेवला.

“तपासा,” म्हणाल्या.

कुणी हात लावला नाही. मॅडमनी डबा उघडला. भाकरीचा तुकडा मोडून त्या शांतपणे जेवल्या, पाणी प्याल्या, डबा धुऊन आणला. कागद तिथेच होता, पंख्याच्या वाऱ्याने त्याचा एक कोपरा उचलत होता. कॉमर्सच्या सरांनी शेवटी आपली पाण्याची बाटली त्यावर ठेवली, उडू नये म्हणून. मॅडमनी बाटली उचलून त्यांना परत दिली, कागदाची घडी घातली आणि तासाला गेल्या.

एक वाक्य बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या. मी एकदा तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, “सर, मी इथे सांगितलं की संध्याकाळी तळोद्याच्या जीपमध्ये चर्चा होईल.”

“होऊ द्या. तिथे कुणाला कळणार आहे?”

“सगळ्यांना कळेल. म्हणून तर सांगत नाही.”

ऑगस्टमध्ये एका सोमवारी त्या स्टाफरूममध्ये आल्या, हेल्मेट काढलं आणि म्हणाल्या, “झालं. आता सांगते.” दुरुस्ती निघाली होती. पुण्याच्या कंपनीनेही ती घेतली होती. मॅडमनी मला कोऱ्या कागदावर समजावलं, कारण इतर कुणी बसायला तयार नव्हतं.

“सही म्हणजे आकड्यांची एक लांब माळ,” त्या म्हणाल्या. “ती दाखल्यातल्या मजकुरावरून बनते. मजकुरात एक अक्षर बदललं की माळ जुळत नाही. तपासणारा काय करायचा, तर समोर आलेल्या सहीतला पहिला आकडा घ्यायचा, जुळवायचा. मग दुसरा. असं सही संपेपर्यंत. एक जरी चुकला तरी लाल. एकही चुकला नाही तर हिरवा.”

“बरोबरच आहे की.”

“पण सही केवढी लांब असायला पाहिजे हे त्याने बघितलंच नाही. मी सहीची जागा कोरी ठेवली. पहिला आकडाच नाही. चूक एकही नाही.”

मी विचारलं, “म्हणजे कोऱ्या पेपरला पैकीच्या पैकी?”

“चुका शून्य ना,” मॅडम म्हणाल्या.

पाटील सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मॅडमचा तो कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “मॅडम, एवढंच होतं?” आणि लगेच आदेश काढला, की आतापर्यंतचे सगळे दाखले दुरुस्त झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा टाका. माझी खात्री आहे की सरांना मनातून वाटत होतं, निदान पाच-पन्नास तरी खोटे निघतील. मॅडमनाही तसंच वाटत असावं. एवढं सोसल्यावर माणसाला तेवढी अपेक्षा असते.

सगळे हिरवे आले. एक सोडून.

तो एक दाखला सेवंती वसावेचा होता. काठी गावाच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची मुलगी, पहिल्या वर्षाला, वसतिगृहात राहायची. वर्गात पहिल्या बाकावर बसायची आणि काही विचारलं तर उभी राहून जमिनीकडे बघत बरोबर उत्तर द्यायची. तिला बोलावून मॅडमनी विचारलं, फाईल कुठून आणली. तिने सांगितलं, अक्कलकुव्याच्या एका झेरॉक्सवाल्याकडे मोबाईलमधून काढून दिली. फाईल मोठी आहे, अपलोड होत नाही, म्हणून त्याने ती लहान करून दिली. मॅडमनी फाईल उघडून बघितली. लहान करताना सही गळून पडली होती. सहीची जागा तेवढी राहिली होती, कोरी.

म्हणजे त्या चुकीतून आख्ख्या कॉलेजात एकच जण आत आला होता, आणि तो खरा होता.

“मुलगी खरी आहे, सर,” मॅडम प्राचार्यांना म्हणाल्या.

“लाल आहे.”

“लाल म्हणजे खोटं नाही. लाल म्हणजे सही नाही.”

“मॅडम, इतके दिवस तुम्हीच सांगत होतात की हिरव्यावर विश्वास ठेवू नका. आता म्हणता लालवर ठेवू नका. मग मी ठेवू कशावर? या शनिवारपर्यंत हिरवा दाखला आणा, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. मन्हा हातमा काही नही आते.”

मूळ फाईल सेवंतीच्या भावाच्या मोबाईलमध्ये होती आणि भाऊ बांधकामाच्या मुकादमाबरोबर कुठेतरी गुजरातेत होता. फोन लागत नव्हता. राहिला एकच रस्ता, वडिलांना घेऊन कचेरीत जायचं आणि दाखला नव्याने काढायचा. मॅडम दुसऱ्या दिवशी सेवंतीला घेऊन निघाल्या. समितीचा एक सदस्य सोबत असावा असं सरांनी लिहून दिलं, म्हणून मी गेलो.

तळोद्याहून जीप मिळाली. पुढे बसलेल्या बाईच्या मांडीवर कोंबडी होती आणि माझ्या मांडीवर कुणाचंतरी पोर. घाट चढताना पाऊस लागला, एका वळणावर दरड आली होती. सगळे उतरलो, दगड बाजूला केले, परत बसलो. मॅडम सेवंतीला म्हणाल्या, “घरी काय सांगितलंस?” सेवंती म्हणाली, “काही नाही. फोन नाही लागत.”

तिचे वडील उतारावरच्या शेतात निंदत होते. हातातला विळा खाली न ठेवता त्यांनी आमच्याकडे बघितलं. मुलीबरोबर दोन मोठी माणसं आलीत म्हटल्यावर काय झालं असेल, याचा अंदाज ते घेत असावेत. सेवंती त्यांच्या भाषेत बोलत होती. मॅडमच्या घरची बोली वेगळी, त्यांना निम्मंच कळत होतं, मला काहीच नाही. मध्येच वडिलांनी एक प्रश्न विचारला आणि सेवंतीने मॅडमकडे बघितलं.

“काय म्हणतात?” मॅडमनी विचारलं.

सेवंती जमिनीकडे बघत म्हणाली, “विचारतात, मी खोटी आहे असं कोण म्हणतं?”

मी सॉफ्टवेअर, कंपनी, नियम असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. मॅडम म्हणाल्या, “सांग त्यांना. माझ्यामुळे म्हणतात.”

सेवंतीने सांगितलं. वडिलांनी मॅडमना खालपासून वरपर्यंत बघितलं. मॅडमच्या साडीला गुडघ्यापर्यंत चिखल होता. ते काहीतरी म्हणाले आणि घराकडे चालू लागले.

“म्हणतात, मग तुम्हीच चला बरोबर,” सेवंती म्हणाली.

घरात त्यांनी आम्हाला भाजलेली कणसं दिली, धुवट पांढरा सदरा घातला, छत्री घेतली आणि आमच्या पुढे चालायला लागले. त्यांना हे असं कचेरीत जाणं नवीन नव्हतं. आमच्यापेक्षा त्यांनाच रस्ता माहीत होता, खिडकी कुठली तेही माहीत होतं. पहिल्या दिवशी वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी होती. सेवंतीचे वडील पायरीवर बसून राहिले आणि मॅडम त्यांच्या शेजारी. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. मी चहा घेऊन आलो तेव्हा मॅडम त्यांना त्यांच्या गावाकडे भाताची लावणी कशी करतात ते हाताने दाखवत होत्या, आणि ते मान हलवून, असं नाही, तसं, असं सांगत होते.

शुक्रवारी संध्याकाळी दाखला निघाला. मॅडमनी तिथेच लॅपटॉप मांडीवर घेतला. आधी दाखल्याची एक प्रत केली, तिच्यात सेवंतीच्या नावातलं एक अक्षर बदललं आणि टाकली. लाल. वडिलांनी ते बघितलं आणि छत्री उचलून उभे राहिले. त्यांना वाटलं, संपलं. मॅडमनी त्यांच्या हाताला धरून खाली बसवलं. मग खरा दाखला टाकला. हिरवा.

“आधी हाच टाकायचा होता मॅडम,” मी म्हणालो. “त्यांचा जीव गेला असता.”

“मग आपल्याला काय कळलं असतं?” त्या म्हणाल्या. पण नंतर जीपमध्ये बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “खरं आहे. आधी सांगायला पाहिजे होतं त्यांना.”

सेवंतीची जागा राहिली. चौकशी समितीला अहवाल द्यावाच लागला. तो ग्रंथपालांनी लिहिला आणि आम्ही सह्या केल्या. त्यात शेवटी होतं, ‘कॉलेजच्या ग्रंथालयात कोणताही दोष आढळून आला नाही.’ पुढच्या जूनमध्ये कार्यभार कमी झाल्याने वळवी मॅडमची नेमणूक झाली नाही. लायब्ररीच्या दुरुस्तीबरोबर एक निवेदन निघालं होतं, त्याच्या शेवटी आभार मानताना ‘आर. वळवी, भारत’ असं लिहिलं होतं. मूल्यांकन समिती आली तेव्हा पाटील सरांनी ते निवेदन ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ या सदरात लावलं. समितीला ते फार आवडलं.

मी हे मॅडमना फोनवर सांगितलं.

“तपासलं का त्यांनी?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

पुढे त्यांना सुरतेला नोकरी लागली. त्या आभारांमुळेच लागली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टी मोडतात का बघायचं काम. त्याचा पगार देतात हे कळल्यावर त्यांच्या आईला बरेच दिवस खरं वाटेना.

गेल्या वर्षी बायकोचे डोळे दाखवायला मी सुरतेला गेलो होतो. तिला दवाखान्यात बसवून मॅडमच्या ऑफिसला गेलो. उंच काचेची इमारत, खाली गार्ड. वयस्क माणूस, बोलण्यावरून आपल्याच भागातला, अक्कलकुव्याकडचा निघाला. आम्ही बोलत होतो तेवढ्यात मॅडम बाहेरून आल्या. केस थोडे पांढरे झाले होते, बाकी त्याच. मला बघून हसल्या. त्यांना हसताना मी फारसं बघितलं नव्हतं.

“चला वर, चहा घेऊ,” म्हणत त्या पुढे निघाल्या आणि पर्समध्ये हात घालून थांबल्या. ओळखपत्र घरी राहिलं होतं.

“जा ना मॅडम,” गार्ड म्हणाला. “रोज बघतो तुम्हाला.”

“कार्ड न बघता सोडता तुम्ही?” मॅडमनी विचारलं. आवाजात राग नव्हता, चौकशी होती.

“ओळखीच्यांना सोडतो.”

मॅडमनी पर्स बंद केली. “सर, तुम्ही बसा. घर जवळच आहे, मी आलेच,” म्हणाल्या आणि उन्हात बाहेर पडल्या.

मी गार्डच्या शेजारी स्टुलावर बसलो. तो बराच वेळ दाराकडे बघत होता. मग टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाला, “सगळे नमस्कार करून जातात साहेब. चांगली माणसं आहेत. पण मी इथे कशाला बसलोय हे माहीत असल्यासारखं कुणी वागत नाही.” आणि टोपी परत नीट घातली.

दवाखान्यातून बायकोचा फोन आला. नंबर लागला होता, औषध घातलेल्या डोळ्यांना दिसत नव्हतं, मी पाहिजे होतो. मी उठलो. गार्डला म्हणालो, मॅडमना सांगा. बाहेर आलो तर रस्त्याच्या पलीकडे मॅडम अजून रिक्षा थांबवत उभ्या होत्या, पर्स डोक्यावर धरून. मधून गाड्या जात होत्या, हाक पोचली नसती. रिक्षा मिळाली. आत बसता बसता त्यांनी इकडे बघून हात केला. मला केला की मागे दारात येऊन उभ्या राहिलेल्या गार्डला, ते कळलं नाही. आम्ही दोघांनीही हात केला.